रोमच्या वेशीवरचं एक नाव

मिलानच्या स्फोर्झा किल्ल्यातल्या संग्रहालयात एका जुन्या वेशीचे कोरीव दगड ठेवले आहेत. वेस आता जागेवर नाही, १७९३ मध्ये ती पाडली. दगड मात्र ११७१ सालचे. कोरणारे दोघे, अन्सेल्मो आणि जिरार्दो; दोघांनीही आपापली नावं कामावर कोरून ठेवली आहेत. कोरीव पट्टीत बुटकी, मोठ्या डोक्यांची माणसं एकामागे एक चालली आहेत. अंगावर शस्त्रं, हातात ढाली, आणि पुढे झेंडा धरलेला एक धर्मबंधू, त्याचं नाव याकोपो. माणसं एका दारातून निघतात आणि दुसऱ्या दारात शिरतात. दारं खेळण्यातल्यासारखी लहान आहेत. कोणती वेस कोणत्या शहराची हे कळावं म्हणून अक्षरंही खोदली आहेत. हद्दपार झालेले मिलानकर पाच वर्षांनी घरी परतताहेत आणि शेजारची शहरं त्यांना पोचवायला आली आहेत, असा हा प्रसंग. त्या शेजाऱ्यांत ब्रेशा आहे, बेर्गामो आहे. आणि क्रेमोना आहे.

या शेवटच्या नावापाशी माझं मन दर वेळी अडतं.

कारण ही वेस म्हणजे पोर्ता रोमाना, रोमकडे जाणाऱ्या रस्त्यावरची वेस. आणि ११६२ च्या मार्चमध्ये मिलान जमीनदोस्त करायचं ठरलं तेव्हा आल्पसपलीकडच्या जर्मन सम्राटाने, फ्रेडरिक बार्बारोसाने, शहराचे सहा भाग पाडून कामाची वाटणी केली होती. पूर्वेकडची पेठ लोदीच्या लोकांना, पाविया गावाकडची पावियाकरांना, कोमोकडची कोमोकरांना, व्हेर्चेल्लीकडची नोव्हाराच्या माणसांना, नवी वेस सेप्रियो आणि मार्तेझाना या आसपासच्या मुलखांना. रोमच्या वेशीची पेठ क्रेमोनाच्या वाट्याला आली होती. ज्यांनी ती पेठ पाडली त्यांचंच नाव नऊ वर्षांनी त्याच वेशीवर, मित्र म्हणून, दगडात कोरलं गेलं. या सम्राटाविरुद्ध उत्तर इटलीतल्या शहरांनी जो लोंबार्द संघ उभा केला त्याच्याबद्दल लिहिलं-बोललं जातं त्यात शपथ असते, लेन्यानोची लढाई असते, बैलांचा रथ असतो. या नावाबद्दल फारसं कोणी थांबून बोलत नाही. मला तर त्या संघाचं सगळं मर्म या एका नावात साठल्यासारखं वाटतं.

पाडापाडीचं काम सोपं नव्हतं. मिलानला जुनी रोमन तटबंदी होतीच. शिवाय ११५० च्या दशकात धोका दिसू लागल्यावर शहराने बाहेरून खंदक खणून मातीचा बांध घातला होता. ते काम ज्याच्या देखरेखीखाली झालं तो गुइंतेल्मो नावाचा कसबी कारागीर. शरणागतीच्या वेळी, ४ मार्चला, शहराच्या किल्ल्या सम्राटाच्या हाती द्यायला त्यालाच जावं लागलं. दोन दिवसांनी मिलानचं पायदळ आलं, लोक गळ्यात दोर आणि हातात क्रूस घेऊन आले, आणि सोबत कारोच्चो. हा कारोच्चो म्हणजे बैल जुंपलेला चार चाकांचा मोठा गाडा. मधोमध उंच डोलकाठी, तिच्यावर क्रूस आणि शहराचं निशाण. कर्णेवाल्यांनी शेवटचे कर्णे फुंकले आणि कर्णे खाली ठेवले. मग डोलकाठी हळूहळू वाकवून सम्राटासमोर जमिनीला टेकवली. बुर्कहार्ट नावाचा शाही लेखनिक तिथे हजर होता. दरबारातली माणसंसुद्धा रडली, एकट्या सम्राटाचा चेहरा दगडासारखा राहिला, असं त्याने लिहून ठेवलंय. २६ मार्चला आग लावायला आणि तट पाडायला सुरुवात झाली. लोदीचा इतिवृत्तकार आचेर्बो मोरेना शत्रूपक्षाचाच, पण त्यालाही आश्चर्य लपवता आलं नाही: दोन महिन्यांतही होणार नाही असं वाटणारं काम आठवड्याभरात, पाम संडेपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारपर्यंत, उरकलं होतं. पुढे कथा वाढत गेल्या, मिलानवर नांगर फिरवून मीठ पेरलं असंही सांगू लागले. गाढवाचा नांगर ही काय चीज आहे हे आपल्याला कोणी समजावून द्यायला नको, म्हणून ती कथा आपल्याला पटकन पटते. पण तिथे प्रत्यक्ष असलेले लोक नांगराबद्दल काही लिहीत नाहीत. नांगराची गरजही नव्हती. शेजाऱ्यांचे हात पुरेसे होते.

हे शेजारी इतके का चवताळले होते, हे पाहिल्याशिवाय पुढचं कळत नाही. मिलानपासून लोदी तीसेक किलोमीटरवर. मिलानने ११११ मध्ये लोदी उद्ध्वस्त केलं होतं आणि तिथला बाजार बंद पाडला होता. ११५३ मध्ये लोदीचे दोघेजण खांद्यावर क्रूस घेऊन जर्मनीतल्या कॉन्स्टन्सला नव्या राजापुढे, म्हणजे याच फ्रेडरिकपुढे, पालथे पडले: आम्हाला मिलानपासून सोडवा. राजाचं पत्र मिलानमध्ये पोचलं तेव्हा तिथल्या कॉन्सलांनी, म्हणजे शहराने निवडलेल्या कारभाऱ्यांनी, ते चुरगाळून पायाखाली तुडवलं. क्रेमोनाचं दुखणं वेगळं होतं. तिचं वैर चाळीसेक किलोमीटरवरच्या क्रेमाशी, आणि क्रेमाच्या पाठीशी मिलान. ११५९ च्या जुलैपासून पुढच्या जानेवारीपर्यंत क्रेमाला जो वेढा पडला त्यासाठी क्रेमोनाने सम्राटाला पैसे मोजले होते. त्या वेढ्यात क्रेमाचे ओलीस ठेवलेले लोक चालत्या लाकडी बुरुजाला बांधून तो बुरुज तटाकडे ढकलला गेला. तटावरच्यांनी आपलीच माणसं समोर असताना दगडफेक थांबवली नाही. शेवटी क्रेमाही बेचिराख झालं. सम्राट इथे बाहेरून आलेला परका जुलमी आणि शहरं सगळी एका बाजूला, असं चित्र रंगवलं की सगळं सोपं होतं. प्रत्यक्षात सम्राटाला या शहरांनीच हाताला धरून आणलं होतं, प्रत्येकाने आपापला शत्रू बोटाने दाखवत.

मग पाच वर्षांत काय बदललं?

हिशेब बदलला. ११५८ च्या नोव्हेंबरात पो नदीकाठच्या रोंकालिया मैदानात सम्राटाने सभा बोलावली होती. बोलोन्याचे चार कायदेपंडित, बुल्गारस, मार्तिनस, याकोबस आणि ह्यूगो, यांना विचारलं गेलं की राजाचे म्हणून हक्क कोणते. यादी तयार झाली: सार्वजनिक रस्ते, नाव चालेल अशा नद्या, बंदरं, घाटपट्टी, जकात, टांकसाळ, दंडाची रक्कम, बेवारस मालमत्ता, मासेमारी आणि मिठागरांचं उत्पन्न, चांदीच्या खाणी, आणि सगळ्यात महत्त्वाचं, अधिकारी नेमण्याचा हक्क. ज्या शहराकडे जुनी सनद नसेल त्याने हे सगळं सोडायचं. सनदी कोणाकडे असणार? शंभर वर्षं राजे आल्पसच्या पलीकडे गुंतलेले, तेवढ्यात शहरांनी हे हक्क वापरता वापरता आपले केले होते. वहिवाट होती, कागद नव्हता. वहिवाटीच्या जमिनीवर कोणी सातबारा मागितला की काय होतं हे ज्याने पाहिलंय त्याला या सभेतली शांतता ऐकू येईल.

क्रेमोनाला, लोदीला, पावियाला वाटलं होतं की ही यादी मिलानसाठी आहे. मिलान पडल्यावर कळलं की ती सगळ्यांसाठी आहे. मिलानचे लोक गावाबाहेरच्या चार वस्त्यांत राहात होते आणि त्यांच्यावर नेमलेले जर्मन अंमलदार घराघरांची, बैलजोड्यांची मोजदाद करून वसुली करत होते. त्या नोंदवहीला लोकांनी ‘दुःखाची वही’ असं नाव दिलं होतं. शिक्षा म्हणून मिलानवर हे आलं, याचं शेजाऱ्यांना वाईट वाटलं नसतं. पण मित्रशहरांतही अंमलदार येऊ लागले, मागणी वाढू लागली, आणि तक्रार करावी तर सम्राट लांब. ११६४ मध्ये पूर्वेकडे व्हेरोना, व्हिचेंझा आणि पादोव्हा यांनी पहिल्यांदा एकत्र येऊन नकार दिला, व्हेनिस त्यांच्या पाठीशी. लोंबार्दीत, म्हणजे मिलानच्या आसपासच्या मुलखात, ठिणगी पडायला ११६७ उजाडलं, आणि मार्चमध्ये ज्या शहरांनी पहिला करार केला त्यांत क्रेमोना होती. सोबत बेर्गामो, ब्रेशा, मांतोव्हा.

दंतकथेप्रमाणे ७ एप्रिल ११६७ ला पोंतिदाच्या मठात सगळ्यांनी शपथ घेतली. ती सभा सांगणारा त्या काळातला कागद नाही, कथा कितीतरी नंतरची. कराराचे शब्द मात्र टिकले आहेत, आणि मला ते त्या कथेपेक्षा जास्त हलवतात. क्रेमोनाच्या पहिल्या करारात ‘सम्राटाशी असलेली निष्ठा राखून’ असं स्वच्छ लिहिलंय. कोणी सिंहासन उलथवायला निघालं नव्हतं. त्याच वर्षी १ डिसेंबरला व्हेरोनाकडचा गट आणि लोंबार्दीचा गट एक झाले, सोळा शहरं झाली, तेव्हाच्या शपथेत म्हटलंय की हेन्री राजाच्या काळापासून फ्रेडरिक येईपर्यंत आम्ही जे करत आलो त्याहून जास्त जो कोणी आमच्याकडून करून घेऊ पाहील, त्याच्याविरुद्ध आम्ही एकमेकांना मदत करू. हेन्री कोणता, चौथा की पाचवा, हे लिहिलेलं नाही. ही चूक असेल असं मला वाटत नाही. तारीख पक्की केली असती तर प्रत्येक शहराच्या फायद्याची तारीख वेगळी निघाली असती आणि सभा तिथेच मोडली असती. ‘पूर्वीपासून चालत आलेलं’ एवढ्यावर मात्र एकमेकांचे गळे धरणारे सोळा जण सही करू शकत होते. शिवाय अटी साध्या आणि कामाच्या: कोणी एकट्याने तह करायचा नाही, शहरांनी संघाचं काम पाहायला आपापले रेक्टर नेमायचे, आपसातला तंटा रेक्टरांपुढे आणायचा.

आपसातले तंटे तर पहिल्याच दिवसापासून होते. लोदी यायला तयार नव्हतं. सम्राटाने ३ ऑगस्ट ११५८ ला त्यांना नव्या जागेवर नवं गाव वसवून दिलं होतं. त्याच्याविरुद्ध आणि तेही मिलानच्या शेजारी बसून शपथ घ्यायची, हे लोदीकरांच्या घशाखाली उतरेना. शेवटी संघाच्या सैन्याने वेढा घालून, उपासमार करून लोदीला मे महिन्यात स्वातंत्र्याच्या संघात आणलं. हे वाचून अस्वस्थ व्हायला होतं, आणि व्हावंच. पण वाकवलेल्या लोदीला पदरात काही पडलंही: नवं लोदी आता मिलानलाही मान्य करावं लागलं. क्रेमोनानेही आपली किंमत वसूल केली होती. क्रेमा पुन्हा बांधायचं नाही. मिलानला परत घरी नेणाऱ्या हातांनी दुसऱ्या एका शहराच्या अवशेषांवर पाय घट्ट रोवून ठेवला होता.

२७ एप्रिल ११६७. दगडावर कोरलेला दिवस तो हाच. मित्रशहरांच्या फौजेच्या पहाऱ्यात मिलानकर आपल्या पडक्या घरांत परतले. पहिलं काम खंदक उपसण्याचं, मग तट, मग घरं. तटाआधी घराचं छप्पर घातलं तर रात्री झोपायला मिळतं, पण सकाळी जाग येईल याची खात्री नसते. या कामाला उसंत मिळाली ती एका रोगामुळे. ऑगस्टमध्ये रोम जिंकून बसलेल्या सम्राटाच्या छावणीत साथ आली आणि फौज सडली. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन ज्ञानी राजांच्या म्हणून पुजल्या जाणाऱ्या अस्थी मिलानमधून जर्मनीत कलोनला नेणारा, सम्राटाचा उजवा हात राइनाल्ड, १४ ऑगस्टला गेला. पुढच्या मार्चमध्ये सुझा गावातून सम्राट नोकराच्या वेषात निसटला, त्याच्या अंथरुणात एक सरदार झोपून राहिला. आणि ११६८ मध्ये तानारो आणि बोर्मिदा नद्यांच्या संगमाजवळ संघाने आसपासच्या खेड्यांतली माणसं आणून एक नवं शहर उभं केलं. सम्राटाशी भांडणाऱ्या पोप तिसऱ्या अलेक्झांडरचं नाव त्याला दिलं, अलेस्सांद्रिया. घरं गवताने शाकारलेली, म्हणून शत्रू त्याला गवताचं शहर म्हणत. ११७४ च्या ऑक्टोबरअखेर सम्राटाने त्याला वेढा घातला आणि एप्रिलपर्यंत सहा महिने तिथे चिखलात बसला. सपाट, पाणथळ जमिनीत पावसाळी हिवाळ्यात वेढ्याची यंत्रं रुततात, बाहेरचा वेढणारा आतल्याइतकाच उपाशी राहतो. शेवटी ईस्टरच्या तहाचा आडोसा घेऊन सैनिक भुयारातून आत सोडले. आतल्यांनी त्यांना मारलं, भुयार ढासळलं, आणि बाहेर पडून वेढ्याचा बुरुज जाळला.

त्यानंतर लगेच मोंतेबेल्लोला बोलणी झाली. ज्या मुद्द्यांवर जमेना त्यांचा निवाडा कोणी करायचा? दोन्ही बाजूंनी मान्य केलेले लवाद होते क्रेमोनाचे कॉन्सल. त्यांनी बऱ्याचशा गोष्टी शहरांच्या बाजूने दिल्या, फक्त एक सोडून: अलेस्सांद्रिया रिकामं करायचं, लोकांनी आपापल्या जुन्या गावी जायचं. बाकीच्या शहरांनी ते फेटाळलं. मी क्रेमोनाला इथे दोष देऊ शकत नाही, आणि माफही करू शकत नाही. त्या कॉन्सलांना खरंच वाटलं असेल की एका गवताच्या गावासाठी सगळ्या मुलखाने आणखी लढू नये. पण सहा महिने उपाशी राहून टिकलेल्यांना ‘आता उठा’ म्हणणारा निवाडा कोणत्या तोंडाने वाचला असेल?

लेन्यानोला क्रेमोना नव्हती.

२९ मे ११७६. सम्राट कोमोकडून नवी कुमक घेऊन पावियाकडे निघाला होता. दोन्ही शहरं त्याची, मध्ये मिलान. वाट अडवायला मिलान आणि मित्र कारोच्चो घेऊन बाहेर पडले. सुरुवात सातशे लोंबार्द घोडेस्वारांची तीनशे जर्मन स्वारांशी गाठ पडून झाली. मग सम्राट मुख्य फौजेनिशी तुटून पडला आणि शहरांचं घोडदळ उधळलं. उरलं पायदळ आणि तो गाडा. कारोच्चोचं खरं काम इथे कळतं. तो लढत नाही. तो बैलाच्या चालीने चालतो, म्हणून पळू शकत नाही, आणि त्याच्याभोवतीची माणसंही पळू शकत नाहीत. विणकर, लोहार, कातडं कमावणारे, ज्यांना घोड्यावर बसून लढायचं शिक्षण नाही, त्यांनी ढालीला ढाल लावायची, भाल्याची टोकं बाहेर काढायची आणि गाड्याभोवती उभं राहायचं, एवढंच. घोडा भाल्यांच्या कुंपणावर जात नाही. तेवढा वेळ मिळाला की पळालेले स्वार परत फिरतात. त्या दिवशी ते ब्रेशाच्या नव्या तुकडीबरोबर परत फिरले आणि बाजूने घुसले. सम्राटाचा निशाणबरदार पडला, सम्राट घोड्यावरून पडला, आणि तो मेला असा बोभाटा होऊन फौज फुटली. कित्येक तिचिनो नदीत बुडाले. काही दिवसांनी सम्राट पावियात जिवंत उगवला. मिलानने बोलोन्याला पत्र लिहिलं: त्याची ढाल, निशाण, क्रूस आणि भाला आमच्या हाती आलाय, पण ही लूट आमची एकट्याची आम्ही मानत नाही, पोपची आणि इटलीच्या सर्वांची मानतो. ‘सर्वांची’ लिहिताना क्रेमोना त्यांच्या मनात होती का, कोण जाणे. त्या वर्षाच्या अखेरीस सम्राटाने ग्वास्ताल्ला आणि लुझ्झारा देऊन तिला आपल्या बाजूला घेतलं.

११७७ मध्ये व्हेनिसला सहा वर्षांचा तह, आणि २५ जून ११८३ ला कॉन्स्टन्सची सनद. तिची कलमं वाचताना मला रोंकालियाची यादी शेजारी ठेवून पाहावंसं वाटतं. तटाच्या आतले सगळे हक्क शहरांना, बाहेरचे वहिवाटीप्रमाणे. कॉन्सल शहरं निवडणार, सम्राट फक्त मान्यता देणार. तट बांधायची मोकळीक, संघ ठेवायची मोकळीक. पंचवीस लिरांवरच्या दाव्याचं अपील सम्राटाकडे, पण त्यासाठी जर्मनीला जायचं नाही, त्याचा माणूस इथेच ऐकेल. बदल्यात दर दहा वर्षांनी निष्ठेची शपथ, आणि सम्राट आला की रसद. हेन्री राजाच्या काळापासून जे चालत आलं ते, जवळजवळ शब्दशः. अलेस्सांद्रियाचं नाव बदलून चेझारेआ करायचं ठरलं. लोकांनी गावाबाहेर यायचं आणि सम्राटाच्या प्रतिनिधीने त्यांना पुन्हा आत न्यायचं, म्हणजे गाव त्याने वसवलं असं होईल. लोक बाहेर आले, आत गेले. नवं नाव टिकलं नाही.

आणि मग ११८५ मध्ये सम्राटाने थेट मिलानशीच दोस्ती केली. दोघांनी मिळून क्रेमा पुन्हा बांधायला घेतलं. २७ जानेवारी ११८६ ला त्याच्या मुलाचं लग्न मिलानच्या संत अंब्रोजिओ चर्चमध्ये लागलं, चोवीस वर्षांपूर्वी त्याने पाडायला दिलेल्या शहरात. क्रेमोनाने एकटीने बंड केलं आणि एकटीने हार पत्करली.

पुढे फ्रेडरिकचा नातू दुसरा फ्रेडरिक आला तेव्हा संघ १२२६ मध्ये पुन्हा उभा राहिला, या वेळी क्रेमोना सम्राटाची सगळ्यात भरवशाची. २७ नोव्हेंबर १२३७ ला कोर्तेनुओव्हाला संघाचा पराभव झाला. पावसाने जमीन भिजलेली, गाडा चिखलात रुतलेला. जो रथ पळत नाही म्हणून भरवशाचा, तो परत नेता येत नाही हे त्या रात्री कळलं. मिलानकर तो सोडून गेले. सम्राटाकडे इजिप्तच्या सुलतानाने दिलेला एक हत्ती होता. मिलानचा कारोच्चो त्या हत्तीला जुंपून क्रेमोनाच्या रस्त्यांतून मिरवला. डोलकाठी खाली पाडलेली, आणि तिला बांधलेला मिलानचा पोदेस्ता, म्हणजे नेमलेला मुख्य कारभारी, पिएत्रो तिएपोलो, व्हेनिसच्या दोजचा, तिथल्या सत्ताप्रमुखाचा, मुलगा. नंतर तो गाडा रोमला पाठवून कॅपिटोल टेकडीवर ठेवला.

ही बातमी मिलानला पोचली तेव्हा रोमची वेस उभी होतीच. लोदीकडे आणि पुढे क्रेमोनाकडे जाणारा रस्ता तिथूनच सुटतो. गाडीवाले, भाजीवाले, परतणारे जखमी, सगळे त्या बुटक्या माणसांच्या रांगेखालून आत येत होते. छिन्नीचे चार घाव घालून एक नाव काढून टाकणं कुणालाही अवघड नव्हतं. दगडावर तसे घाव नाहीत. क्रेमोनाची वेस अजून उघडी आहे, आणि तिच्यातून माणसं मिलानकडे चाललीच आहेत.